रॉटरडॅममधले अडीच तास

आई सगळ्यांना सांगते, "मुलगा परदेशात असतो." खोटं नाही ते. पण गेल्या पाच महिन्यांत माझे पाय जमिनीला लागले ते फक्त अडीच तास, मागच्या आठवड्यात, रॉटरडॅमला.

मी क्रूड तेलाच्या टँकरवर सेकंड ऑफिसर आहे. जहाज ३३० मीटर लांब, पोटात २० लाख बॅरल तेल आणि वर माणसं २४. इराकमधल्या बसऱ्याला माल भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालत ३७ दिवसांनी आम्ही युरोपोर्टला, म्हणजे रॉटरडॅमच्या बंदराला लागलो. घरच्यांना वाटतं, बंदर आलं म्हणजे आराम. टँकरवर नेमकं उलट असतं. समुद्रात माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी ठरलेली, दुपारी आणि रात्री १२ ते ४. बंदरात मात्र सहा तास काम, सहा तास सुट्टी. त्या सुट्टीतच दोर बांधायला उभं राहायचं, त्यातच रेशन चढवायचं, त्यातच कुणी तपासणीला आलं की बॉयलर सूट चढवून हजर व्हायचं.

नियम आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या मेरीटाईम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या कामाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. आठवड्याला किमान ७७ तास. भारताने २०१५ साली हे मान्य केलं. पण सहा-सहाच्या पाळीत मध्ये कुणी एकदा जरी दार वाजवलं, तरी ते सलग सहा तास गेले. आधीच्या एका जहाजावर मला विश्रांतीचा तक्ता 'नीट' भरायला सांगितलं होतं. मी भरला. ते मला आजही टोचतं, कारण झोप न झालेला माणूस टाकी भरत आलेली असताना पातळीवर डोळा ठेवून असतो, आणि एखादा व्हॉल्व्ह मिनिटभर उशिरा बंद झाला तर काय होईल हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

आमचे पंपमन दाभोळचे. वय ५४. सगळ्यांसमोर ते मला सेकंड साब म्हणतात, दोघंच असलो की "काय रे बाळा". मी त्यांना मामा म्हणतो. तेल उतरवताना पंपरूममध्ये खेपा घालायच्या त्यांनीच. सात-आठ मजले खाली उभ्या शिड्या, छातीवर गॅस मीटर, हातात वॉकी-टॉकी. आधी पंखा पुरेसा वेळ चालवायचा, ऑक्सिजन २०.९ टक्के आणि हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू शून्य दिसला की मगच उतरायचं. ते खाली असले की माझा एक कान वॉकीवरच असतो. "पंपरूम ऑल ओके" ऐकलं की बरं वाटतं.

२०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मामा दुसऱ्या जहाजावर १४ महिने अडकले होते. नियमाने ११ महिन्यांपुढे ठेवता येत नाही, पण बहुतेक देश माणसं उतरू देत नव्हते. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी तसेच अडकलेले होते. मामांनी नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती चालत दारापर्यंत आली आणि त्यांना बघून आत पळाली. हे त्यांनी मला दोनदा सांगितलंय.

जहाजावर आता इंटरनेट असतं, डिसेंबर २०२४ पासून ते नियमातही आलंय. फार मोठा फरक पडलाय. पण व्हिडिओ कॉल म्हणजे किनारा नव्हे. टँकरचे धक्के गावापासून लांब, आणि काम उरकलं की जहाज लगेच सुटतं. अमेरिकेत व्हिसा नसलेल्याला गँगवेखाली, म्हणजे जहाजाच्या जिन्याखाली उतरू देत नाहीत. युरोपोर्टहून रॉटरडॅम शहर तीसेक किलोमीटर, टॅक्सीचं भाडं खलाशाने कशातून द्यायचं? धक्क्यावर लागलो की डेकवर मोबाईलही न्यायचा नाही, ठिणगीची भीती. समोर किनाऱ्याचे दिवे, आणि फोन केबिनमध्ये बंद.

यावेळी खलाशांच्या केंद्राची व्हॅन गेटवर आली. एक वयस्क डच बाई चालवत होत्या. कुणी किती दिवस जहाजावर आहे हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं आणि पैसे घेतले नाहीत. कॅप्टनने आमच्या वॉचची अदलाबदल करून सहा जणांना सोडलं. अशी केंद्रं बहुतेक देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतात. माझं मत विचाराल तर बंदराच्या खर्चातच त्यांचा वाटा धरायला हवा.

तिथे बाकीचे सिमकार्ड, चॉकलेटं घेत होते. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसले. कप टेबलावर ठेवला, आणि त्याकडे बघत राहिले.

"बाळा, बघ," ते म्हणाले, "कॉफी हलत नाही."

आमच्याकडे समुद्रात इंजिन आणि धक्क्यावर पंप चालू असले की टेबल, भिंत, उशी सगळं थरथरतं. महिनोनमहिने त्याची इतकी सवय होते की कळतही नाही.

मीही माझा कप त्यांच्या शेजारी ठेवला. आठ वाजता व्हॅनचा हॉर्न वाजला. मध्यरात्री माझी पाळी होती, मामांची त्याआधीच.