पाटणादेवी, पितळखोरे, तोरणमाळ : चालणारे आणि न चालणारे एकाच गाडीत असतील तर

आधी निकाल सांगते. पाटणादेवीहून नाल्यातून चालत पितळखोऱ्याच्या लेण्यांना जायचा बेत असेल तर होळीनंतर जाऊ नका. आणि गटात एकही माणूस गोट्यांवरून उतरायला कचरत असेल तर कुठल्याच महिन्यात जाऊ नका. "सोपी वाट आहे, दोन तासांत पोचाल, म्हातारी माणसंसुद्धा जातात," असं तिथे कुणी सांगेल. आम्हालाही हेच सांगितलं होतं. ते खरं नाही.

आम्ही धुळ्याचे, त्यामुळे उन्हाची सवय आहे. गाडीत मी, माझे यजमान आणि सासू-सासरे होतो, गुडघ्यांनी बेजार झालेल्या माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, होत्या, बायपास झालेले मोठे दीर, म्हणजे दादा, होते, आणि दर रविवारी किल्ला चढणारा भाचा होता. असा गट घेऊन खानदेश फिरायचा तर आखणी किलोमीटरवर करून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी गाडी कुठवर जाते आणि तिथून पुढे पायाखाली काय आहे, एवढंच बघायचं. खाली राहणाऱ्यालाही बघण्यासारखं काही हवं, नाहीतर बाकीचे येईपर्यंत तो तापलेल्या गाडीत बसून राहतो. खानदेश वाळवंट नाही, पण मार्चमध्ये सातमाळ्याच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याला पानगळ झालेली असते आणि सावली नावाला उरते. पळस फुललेला असतो, सुंदर दिसतो, पण त्याच्याखाली बसून ऊन चुकत नाही.

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. चंडिकादेवीच्या मंदिरापर्यंत सगळे जाऊ शकतात, सासूबाईसुद्धा आरामात गेल्या. जवळचं हेमाडपंती महादेव मंदिर चुकवू नका, तिथेही फार चालावं लागत नाही. गणितज्ञ भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला. त्याचा १२०७चा शिलालेख याच पाटणचा. दादा इतिहासाचे वेडे, ते तिथेच रमले. त्यांना पुढे न्यायचा हट्ट आम्ही धरला नाही, आणि दिवसभरात हीच एक गोष्ट बरी झाली.

वाटाड्याशी गटाचे मिळून आठशे ठरले होते. तो यायलाच आठ वाजले. उन्हाळ्यात या वाटेवर आठ म्हणजे उशीर. धवलतीर्थ धबधब्याच्या दिशेने निघालो तेव्हा पायवाट चांगली होती, ताई बोलत-हसत चालत होत्या. धबधब्याला या दिवसांत पाणी नसतं, नुसता काळा ओला डाग दिसतो. पावसाळ्यातले फोटो बघून कुणी मार्चमध्ये येणार असेल तर त्याने हे आधी ऐकून ठेवावं.

खरी अडचण नाल्यात सुरू होते. नाला कोरडा, तळाला टरबुजाएवढे गोटे आणि त्यांच्यावर सागाची वाळलेली मोठाली पानं. पानाखाली दगड आहे की फट, हे पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. चांगले बूट घातलेल्या भाच्याचाही पाय दोनदा मुरगळता मुरगळता वाचला. काठी लागतेच. ट्रेकिंगची काठी नसेल तर बांबूची घ्या, पण हातात काठी हवीच. त्यात दोन्ही बाजूंचा खडक सकाळपासून तापत जातो आणि वारा तिथे शिरत नाही. गावात ३८ असतं तेव्हा त्या नाल्यात किती असेल ते मी मोजलं नाही, पण बाटलीतलं पाणी कोमट झालं, प्यायलं तरी तहान भागेना.

वाट फसवते ती मधल्या टप्प्यात. सुरुवातीला चालायला सोपं जातं म्हणून ज्यांनी येऊ नये तेही येतात. नाल्यात शिरल्यावर मागे फिरायचं तरी तेच गोटे आणि पुढे जायचं तरी तेच. ताईंचा गुडघा तिथेच बसला. बकऱ्या घेऊन खाली येणाऱ्या एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "पुढे पानी नही शे, ताई. परत जा." दिवसभरात खरं बोललेला माणूस हा एकच. मी आणि सासरे ताईंना दोन्ही बाजूंनी धरून मागे फिरलो. जायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट यायला लागला. भाचा आणि माझे यजमान वाटाड्याबरोबर वर गेले आणि दुपार टळल्यावर परतले. दोघांचं पाणी संपलेलं, भाच्याला उलटी झालेली.

त्यानंतर पैशांचा विषय निघाला. ठरलेले आठशे वाटाड्याला मान्य नव्हते. "माणशी चारशे म्हटलो होतो," म्हणाला, आणि अर्ध्या वाटेतून परतलेल्यांचेही धरले. ताईंचा पाय सुजत होता, आम्ही वाद न घालता पैसे दिले. म्हणून तुम्ही अगोदर ठरवा. रक्कम गटाची की माणशी, गट फुटला तर परतणाऱ्यांबरोबर कोण येणार, त्याचे वेगळे पैसे का, हे सगळं चार लोकांसमोर मोठ्याने बोलून घ्या आणि फोनमध्ये रेकॉर्ड करा. लाजू नका. वनखात्याच्या नाक्यावर जी पावती मिळते तिचा आणि वाटाड्याच्या पैशांचा संबंध नसतो. पावती दाखवून कुणी वर पैसे मागत असेल तर आधी नाक्यावर जाऊन विचारा.

पितळखोऱ्याची लेणी सोडू नका, वाट सोडा. दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूने, कालीमठाकडच्या रस्त्याने गाडीतून लेण्यांच्या माथ्यावर पोचलो. तिथून पायऱ्या उतरायच्या. काल नाल्यातून अर्ध्या वाटेत परतलेल्या ताई पट्टी बांधून, थांबत थांबत, खाली उतरल्या. चैत्यगृहातल्या खांबांवरची रंगवलेली चित्रं आणि विहाराच्या जोत्यावरची हत्तींची रांग त्यांनी डोळे भरून बघितली. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. इथे सापडलेला यक्षाचा पुतळा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपलं नाव कोरून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. ताईंनी ते ऐकलं आणि त्या जागेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

पायऱ्यांबद्दल सरळ सांगते. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम निघतो. ज्याला चार-पाच मजले जिना थांबत थांबत चढता येतो त्याने खाली जावं. बायपासवाल्याने जाऊ नये. दादा वरच राहिले, तिथून दरी आणि समोरचा कडा दिसतो. सासूबाईंना आम्ही त्या दिवशी चाळीसगावलाच ठेवलं. त्यांनी स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघितलं, ते त्यांच्याच घरात आहे. वर्षानुवर्षं याच घरात राहून मूस यांनी केलेली टेबलटॉप छायाचित्रं, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो, पाहून सासूबाई इतक्या खूश होत्या की संध्याकाळी आम्हालाच वर्णन ऐकावं लागलं. न चालणाऱ्यांसाठी चाळीसगावात याहून चांगली जागा नाही.

औट्रम घाटातून जड वाहनांना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३मध्ये बंदी झाली, त्यामुळे लहान गाडीला घाट पूर्वीइतका जाच देत नाही. मोठी गाडी भाड्याने घेणार असाल तर तिला या घाटातून सोडतात का, हे चाळीसगावातच विचारून घ्या. घाटात अडून उलटं फिरणं नको.

लळिंग थोडक्यात. धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रोडवरच आहे, पूर्वी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा किल्ला. चढ उभा, सावली नाही, पण वाट स्वच्छ दिसते आणि फसवत नाही. भाच्यासारख्यांनी सूर्य उगवायच्या आत निघावं आणि नऊला खाली यावं. बाकीच्यांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय बघावं. दोन्ही गट जेवायला एकत्र येतात, कुणाचा खोळंबा होत नाही. वरच्या टाक्यांतलं पाणी पिऊ नका.

मिश्र गटासाठी सगळ्यात चांगलं ठिकाण तोरणमाळ, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. शहाद्याहून सातपायरी घाटाने गाडी थेट वर जाते. उंची ११०० मीटरच्या पुढे, त्यामुळे खाली अंगाची लाही होत असताना वर संध्याकाळी शाल लागते. यशवंत तलाव, गोरखनाथ मंदिर, सीताखाई, सगळीकडे गाडी जवळपर्यंत जाते. चालणाऱ्याला पहाटे हिंडायला मोकळं रान आहे. तिथले दिवस इतके सुखाचे गेले की लिहिण्यासारखं काही नाही. फक्त शहाद्यातच पेट्रोल भरा, रोख पैसे जवळ ठेवा, रेंजवर विसंबू नका. वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या सीटवर बसवा. वाटेत प्रकाशाला तापीच्या काठी थांबा, सासूबाईंसारख्यांना ते तोरणमाळइतकंच आवडेल.

खाण्याचं. चालायच्या दिवशी सकाळी शेवभाजी नको. रस्त्यावरची शेवभाजी मला जीव की प्राण आहे, पण तो तिखटपणा आणि नाल्यातलं ऊन एकत्र झालं की घसा जळत राहतो. भाच्याला वर जो त्रास झाला त्यात तिचा वाटा आहे असं मला पक्कं वाटतं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घ्या, दिवसभर टिकते. जळगावची केळी पिशवीत असू द्या. पाणी चालणाऱ्यामागे चार लिटर, त्यात ओआरएसची पुडी. वाटेत भरू असं धरून चालू नका. डोक्याला टोपीपेक्षा भिजवलेलं उपरणं बरं, मानही झाकली जाते.

परत आखणी करायची तर मी पहिल्या दिवशी पाटणादेवी आणि महादेव मंदिर, मुक्काम चाळीसगाव, दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढून पितळखोरे, मग धुळे-लळिंग आणि शेवटी तोरणमाळ असा क्रम ठेवेन. उन्हाने दमलेली माणसं शेवटी गारव्याला गेली की परतीला कुरकुर होत नाही. पितळखोऱ्याच्या पायऱ्या साडेआठच्या आत उतरा आणि अकराच्या आत वर या. त्यानंतर त्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात, आणि गुडघेवाल्या माणसाला मध्ये टेकायलाही जागा राहत नाही.