चकली हाड चावायला कशी शिकली

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या कुत्रीचा, चकलीचा, ओठ बोटाने वर केला आणि मला तिची वरची दाढ दाखवली. दाढेवर पिवळट-तपकिरी किटण चढलं होतं, बंबाच्या आत चढतं तसं. "तीनच वर्षांची आहे ना? काय खाते ही?" त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचण्यात अगदी गढून गेला होता.

खरं उत्तर होतं: तूप लावलेली चपाती, दूध, मारी बिस्किट आणि चिकन. चिकन तरी कसं? सासूबाई रश्श्यातला तुकडा काढणार, नळाखाली त्याचं तिखट धुणार, बोटांनी हाड वेगळं करणार, मांसाचे बारीक धागे करून त्यावर फुंकर मारणार आणि मग "खा गं बाळा" म्हणत तळहातावर धरणार. व्हिजिटर व्हिसावर त्या सहा महिने आमच्याकडे मेलबर्नला होत्या. त्या काळात चकलीने स्वतःच्या ताटलीतून काही खाल्ल्याचं मला आठवत नाही. डॉग फूडच्या कोरड्या गोळ्या ती एकेक करून बाहेर काढून ठेवायची, तांदळातले खडे निवडावेत तशा.

चकली म्हणजे कॅव्हूडल, कॅव्हेलियर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर. वजन सात किलो, अंगभर सोनेरी वेटोळी, म्हणून नाव चकली. ऑस्ट्रेलियात ही जात घरोघरी दिसते आणि खाण्याच्या बाबतीत तिचे नखरेही तितकेच घरोघरी ऐकू येतात. पण डॉक्टरीणबाईंनी जातीवर ढकललं नाही. आधी भूल देऊन तिचे दात साफ करून घेतले, एखादी दाढ तडकलेली तर नाही ना ते पाहिलं (दात दुखत असला तरी कुत्रं 'नखरे' करतं, हे मला तेव्हा कळलं) आणि मग म्हणाल्या, "आता आठवड्यातून दोनदा कच्चं हाड द्या. मांस असलेलं. पुन्हा किटण धरणार नाही असं नाही, पण कमी धरेल." रश्श्यातलं चिकन त्याच दिवशी बंद झालं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि वरचं तिखट धुतलं तरी आत मुरलेला कांदा जात नाही.

कच्चं हाड म्हटल्यावर मी जरा दचकले. मी काही शाकाहारी घरातली नाही. माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरचं, सोमवार-गुरुवार-शनिवार सोडले तर मटणाला कोणाची ना नाही. पण आमच्याकडे कच्चं मांस म्हणजे हळद-मीठ लागेपर्यंतची मधली अवस्था. ते कोणी तसंच खावं, तेही आमच्याच घरात, ही कल्पना पचेना. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आपला मोत्या रविवारची शिजलेली हाडं खाऊन चौदा वर्षं जगला की!" जगला, खरंय. पण हाड शिजलं की ठिसूळ होतं आणि चावताना त्याचे टोकदार कपचे निघतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात. कच्चं हाड त्या मानाने लवचिक असतं. मोत्याचं नशीब बलवत्तर होतं, इतकंच म्हणायचं.

इथे कच्च्या हाडाचं कोणाला नवल नाही. आमच्या शेजारचे आजोबा व्हिक्टोरियातल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर वाढले. त्यांच्या केल्पी जातीच्या, मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांना डबाबंद खाणं माहीतच नव्हतं. शहरी लोकांत ही पद्धत नव्याने रुजली ती इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यामुळे. १९९३ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, आणि कुत्र्याला कच्चं मांस-हाडं खाऊ घालण्याला लोक 'बार्फ' म्हणू लागले. सगळ्या पशुवैद्यांना ते पटतं असं मुळीच नाही, त्यावर इथे हिरिरीने भांडणं होतात. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये मात्र कुत्र्यांसाठी वेगळा कप्पाच असतो. त्यात कांगारूचा खिमासुद्धा. देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला ज्याला उभा केलाय, त्याचाच खिमा, शेजारी गाजराचे तुकडे घालून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच थबकले होते.

सुरुवात आम्ही कोंबडीच्या मानांनी केली. मेलबर्नच्या फुट्सक्रे मार्केटात तेव्हा स्वस्तात मिळायच्या, हाड मऊ, आकार चकलीच्या तोंडाला बेताचा. मी एक मान चिमट्याने उचलून तिच्या ताटलीत ठेवली. चकलीने वास घेतला. एक पाऊल मागे गेली. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मानेकडे पाहिलं, ती अलगद दातांत धरली आणि तुरुतुरु आत निघाली. मी मागे धावले. सासूबाई परत जाताना देवघरासमोर त्यांचं लोकरीचं आसन तसंच राहिलं होतं. चकली बाईसाहेबांनी मान त्या आसनाच्या बरोबर मधोमध ठेवली, नाकाने आसनाची कड ओढून ती झाकून टाकली, आणि माझ्याकडे न बघता सोफ्यावर जाऊन बसली.

आसन धुतलं. तीनदा. सासूबाईंना काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मान तशीच. तिसऱ्या दिवशी तिने ती चाटली आणि शिंकली. मला वाटू लागलं, हिला मांसच आवडत नाही की काय. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, भूक लागली की खाईल, काळजी कशाला करतेस. फार्मवरच्या केल्पीला ते लागू पडत असेल. आमच्याकडे भूक लागली की शेपटी हलवत माझ्या पायाशी येऊन बसायचं आणि मी पाघळायचं, असा शिरस्ता होता. तिसऱ्या दिवशी रात्री मी तिला चपातीचा चतकोर दिलाच. नवऱ्याने पाहिलं आणि तो एवढंच म्हणाला, "आता ती आणखी तीन दिवस थांबेल." थांबली.

मग मी जरा डोकं लावलं. फ्रिजमधून काढलेल्या मांसाला वास असा नसतोच आणि कुत्रं आधी नाकाने जेवतं, जीभ नंतर. मान पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतकी झाली. गरम नाही, फक्त थंडपणा गेला पाहिजे. कलेजी उकडून, ओव्हनमध्ये खुटखुटीत वाळवून, मिक्सरमध्ये तिची पूड केली आणि ती मानेवर भुरभुरली. मेतकुटासारखी. चकलीने वरची पूड चाटून साफ केली आणि मान पुन्हा ताटलीबाहेर काढून ठेवली. पण आता निदान ताटलीपाशी थांबली होती.

खरी अडचण माझ्या लक्षात आली ती चकली चाटत असताना. तिला मान फोडायची कशी हेच ठाऊक नव्हतं. वरची कातडी निसरडी आणि सलग, पुढच्या दातांना कुठे पकडच मिळेना. तीन वर्षं जिला धागे करून भरवलंय तिला चावायचं कुठून माहीत असणार! मी कात्रीने कातडीला दोन चिरा दिल्या. वाणसामानाच्या दुकानातून लोखंडी बत्ता आणला (मसाल्याचा वेगळा, हा वेगळा, त्याला लाल दोरा बांधलाय) आणि मानेवर हलकेच चार ठोके दिले. मग एक टोक सांडशीत धरलं, दुसरं तिच्या तोंडाच्या कडेला, दाढांच्या बाजूला नेलं. घराच्या मागच्या अंगणात, जुन्या टॉवेलवर, जुलैच्या थंडीत, मी उकिडवी बसून सांडशी धरलीय आणि कुत्री विचार करतेय. अशी किती वेळ बसले कोण जाणे. आणि मग 'कट्ट' असा आवाज आला. चकलीसुद्धा चमकली. मान सोडून तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू आवाज दुसऱ्याच कोणी केला. मग पुन्हा दाढेखाली घेतलं. कट्ट, कट्ट. डोळे अर्धे मिटले. मी सांडशी सोडली नाही, कारण लहान कुत्री घाईने आख्खा तुकडा गिळतात आणि तो घशात अडकतो. पण खरं सांगायचं तर मला सोडवेनाही.

त्यानंतर नियम कडक केला. पंधरा मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर एक शब्द न बोलता उचलायचं, मधल्या वेळेत चतकोर बंद. उचलताना चेहरा कोरा ठेवायचा. हे सर्वांत अवघड गेलं. मी नाक मुरडत ताटली ठेवली की चकलीही बाजूला व्हायची, हे माझ्या लेकाने दाखवून दिलं. "आई, तू 'ई' म्हणतेस म्हणून ती पण 'ई' म्हणते." आठ वर्षांचं पोर, पण म्हणणं बरोबर होतं. त्याने ठेवली तर ती खायची. मग काही आठवडे ते काम त्याच्याकडेच. फक्त हात साबणाने धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही आणि चकलीने खाल्ल्यावर तासभर तिला तोंड चाटू द्यायचं नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असतात. कुत्र्याला एकवेळ काही होणार नाही, पण आपल्याला जुलाब लागतात. टॉवेल वेगळा धुतो, ताटली उकळत्या पाण्याने.

सगळं सुरळीत झालं आणि पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं, चिकन नेक खाते आता! त्यांनी मान हलवली. कौतुकाने नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं होतं. कुत्र्यांना एक प्रकारचा लकवा होतो, आधी मागचे पाय लुळे पडतात, मग पुढचे, माणसातल्या गिआं-बारे (जीबीएस) आजारासारखा. त्याचा संबंध कच्च्या कोंबडीशी, विशेषतः मानांशी आढळला होता, आणि संशय त्याच कॅम्पिलोबॅक्टरवर. बहुतेक कुत्री बरी होतात, पण त्यात महिने जातात. "रोज कितीतरी कुत्री माना खातात, आजार दुर्मीळच आहे. पण मी माझ्या कुत्र्याला देत नाही," त्या म्हणाल्या. घरी येऊन फ्रीझरमधल्या उरलेल्या दीड किलो माना मी कचऱ्यात टाकल्या. फ्रीझरने जंतू कमी होतात, मरतातच असं नाही.

आता मटण. मेंढीच्या कोकराची बरगडी म्हणजे चाप, वर बोटभर मांस. पहिल्या दिवशी चकलीने पुन्हा माझ्याकडे तेच पाहिलं. पण सांडशी, कोमट पाणी आणि कलेजीची पूड पाहून तिला बहुधा ओळख पटली. चौथ्या दिवशी चाप संपला. चरबी मात्र मी काढून टाकते, फार तेलकट खाल्लं की लहान कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. एकदा शेजारच्या आजोबांनी कांगारूच्या शेपटीचं पेर दिलं. त्यात चरबी कमी, चिवट शिराच जास्त. चकली तिच्याशी पाऊण तास झुंजत होती. कोल्हापूरकराचा जीव जिच्यासाठी तुटतो ती नळी मात्र कुत्र्याला चालत नाही. पायाचं हाड इतकं टणक की त्यावर दाढच तडकते. नळी आम्हीच चोखतो.

आणखी दोन गोष्टी, कोणाच्या उपयोगी पडल्या तर. कुत्र्यांसाठीचा म्हणून मिळणारा खिमा मी घेत नाही, माणसांचाच घेते. कुत्र्यांच्या मांसाला टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं कधीकधी, त्याने खिमा दिवसचे दिवस लालभडक दिसतो आणि आतलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होतं. माणसांच्या साध्या खिम्यात ते घालायला इथे परवानगी नाही. शिवाय २०२१ मध्ये याच व्हिक्टोरियात घोड्याच्या मांसातून इंडोस्पिसिन नावाचं विष जाऊन वीसहून जास्त कुत्री यकृत निकामी होऊन दगावली. उत्तरेकडची एक वनस्पती चरलेल्या घोड्यांच्या मांसात ते उतरलं होतं. आणि मेंढीची कलेजी, फुप्फुसं कच्ची कधीच नाही. त्यातून कुत्र्याला हायडॅटिड नावाचे जंत होतात आणि त्यांची लागण कुत्र्याकडून माणसाला होते. ते मला आजोबांनीच सांगितलं. फार्मवर त्यांचे वडील याच एका गोष्टीवरून ओरडायचे.

वजडीसुद्धा आणून पाहिली, न धुतलेली, हिरवट. घरभर गोठ्याचा वास. चकलीने तिच्यावर लोळण घेतली आणि ती खाल्लीच नाही. तो प्रयोग तिथेच संपला.

गेल्या रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल होता. मी विसरले आणि फोन घेऊनच अंगणात गेले. टॉवेलवर चकली पुढच्या दोन पंजांत चाप धरून, मान तिरकी करून दाढेने सोलत होती. पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, आता आसनाचंही निघणार.

"कच्चंच खातीया व्हय ती?"

"हो आई. डॉक्टरांनीच सांगितलंय."

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. तिकडून कट्ट कट्ट ऐकू जात असावं.

"मीठ तरी लावलंस का गं त्याला?"

"नाही हो आई, मीठ चालत नाही."

"मग कसं लागत असंल बिचारीला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन जरा आणखी जवळ धरला.