नुसतं 'बरं'

६ जानेवारी, रात्री साडेअकरा

परवा रविवारी पेपर बंद केला.

म्हणजे पेपरवाल्या काकांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून टाकू नका. दारातच, बिलाचे पैसे हातात ठेवता ठेवता. तीन दिवस मनात वाक्यं घोळवत होते. वाचून होत नाही हो, सगळं मोबाइलवरच बघतो, बाबा होते तोवर ठीक होतं, वगैरे. त्यातलं एकही कामी आलं नाही. काका म्हणाले, "बरं."

मग ती लांबडी वही उघडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्यानं पेन बांधलेली. अंगठा जिभेला लावून पान उलटलं आणि आमच्या फ्लॅटच्या आकड्यासमोर रेघ मारली. रेघ उठली नाही. पेन पुठ्ठ्यावर दोनदा घासून परत मारली. "३१ पर्यंत येईल. महिना भरू दे," म्हणाले. तीस रुपये परत द्यायचे होते, सुट्टे नव्हते (कधीच नसतात), ते पुढच्या बिलात धरायचे ठरले. आणि जिन्यानं वरच्या मजल्यावर गेले.

दोन दिवस झाले, ते 'बरं' कानातून जात नाहीये.

मला काय हवं होतं? त्यांनी हुज्जत घालायला हवी होती? मागच्याच आठवड्यात एका अ‍ॅपचं मराठी करून दिलं. त्यात वर्गणी रद्द करायची तर चार पडदे ओलांडावे लागतात. 'तुम्हाला खात्री आहे का?' 'तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं.' 'थांबलात तर दोन महिने निम्म्या दरात.' 'जाण्याचं कारण सांगाल का?' ही चारही वाक्यं मीच लिहिली, शब्दामागे पैसे घेऊन. काकांनी एकही पडदा लावला नाही. कारणसुद्धा विचारलं नाही.

निदान कारण तरी विचारायचं. मी पेपरातच डेस्कवर होते, पानं लावायचे, ते त्यांना माहीत आहे. निवडणुकीची रात्र असली की आवृत्ती उशिरा सुटायची, ऑफिसची गाडी मला गेटवर सोडायची तेव्हा काका सायकल काढून पेपर उचलायला सेंटरवर निघालेले असायचे. "काय हेडिंग?" एवढंच विचारायचे. मी सांगायचे. त्यावर एकदा म्हणाले होते, "म्हणजे आज दहा जास्त उचलायला हवेत." मी लावलेल्या मथळ्याचं इतकं नेमकं परीक्षण संपादकीय बैठकीतही कधी झालं नाही.

जाऊ दे.

आज सकाळपासून ग्रुपवर पत्रकार दिनाच्या शुभेच्छा. बाळशास्त्रींचा फोटो, दौत, टाक, 'लेखणीची धार', सगळं आलं. ६ जानेवारी १८३२ला त्यांचं 'दर्पण', मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, निघालं म्हणून हा दिवस. ते १८४०मध्ये बंद पडलं, त्याचा दिवस कुणी पाळत नाही. ग्रुपमध्ये आम्ही जेवढे आहोत त्यातले निम्मेअधिक आता पेपरात नाहीत. कुणी बँकेच्या जनसंपर्कात, कुणी आमदाराचं फेसबुक सांभाळतो, एकाचं मिसळीचं दुकान आहे आणि बरं चाललंय. तरी सगळ्यांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. मीही हात जोडल्याची खूण टाकली. परवाचं मात्र सांगितलं नाही. (परवा ४ तारीख होती, हे वही मिटल्यावर लक्षात आलं. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारीचा, १८८१. मुहूर्तसुद्धा काय निवडला मी.)

मला वाटतं, मला काकांच्या 'बरं'चा राग नाही. ते 'बरं' माझंच आहे.

पण त्याआधी ती डमी. दर वेळी हे आठवायला बसलं की आधी डमीच आठवते.

बाहेरच्यांना वाटतं पेपरात आधी बातम्या लागतात आणि उरलेल्या जागेत जाहिराती. उलटं असतं. संध्याकाळी जाहिरात विभागाकडून डमी येते, पानापानावर जाहिरातींचे चौकोन आखलेली, आणि त्या चौकोनांच्या भोवती जी एल आकाराची चिंधी उरेल तिच्यात आम्ही जग बसवायचं. पाडव्याला तर विचारूच नका. सोनं, फ्लॅट, दुचाक्या, एसी. पहिल्या पानाच्या आधी पानभर जाहिरातीचं जॅकेट, जॅकेटवर जॅकेट. दर पाडव्याला डेस्कवर तोच आरडाओरडा: बातमीला जागा कुठाय?

२०२०चा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून देश बंद. छापलेला अंक किती दारांत पडणार होता कुणास ठाऊक. मुंबईत तर विक्रेत्यांनी दोन दिवस आधीच वितरण थांबवलं होतं. तरी पानं लावायचीच होती. डमी आली. रिकामी. एका पानावर तळाला एक पट्टी, दुसऱ्यावर एक निधनाची चौकट, बस्स.

आणि आम्ही खूष झालो! खरंच. मला लिहायलाही लाज वाटतेय. "आज अख्खं पान आपलं," असं कुणीतरी ओरडलं. मी आठ कॉलमचं हेडिंग टाकलं, मोठा फोटो घेतला, पॉइंटर घेतले, चौकट घेतली, तरी जागा उरली. नोकरीतलं सगळ्यात देखणं पान मी त्या रात्री लावलं. वाचक चार-पाच रुपये देतो, त्यात कागदाचाही खर्च निघत नाही, आमचा पगार त्या चौकोनांतून येतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच? कागदावर २०१९च्या अर्थसंकल्पात दहा टक्के सीमाशुल्क बसलं, पुढच्या फेब्रुवारीत ते पाचवर आणलं, त्या दोन्ही चौकटी मीच लावलेल्या. आधीच्या दिवाळीपासून पुरवणीची पानं चारानं कमी झालेली. सगळं माहीत होतं. पण रिकामी जागा दिसली की डेस्कवरच्या माणसाचं भान जातं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये सरकारनं घरोघर पेपर टाकायलाच मनाई केली. १८ तारखेचा आदेश, छापा पण दारात टाकू नका. ओरड झाल्यावर तीन दिवसांनी तो मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरता केला. म्हणजे आम्हा पुणेकरांपुरता राहिलाच. जून उजाडला तेव्हा कुठे दारात पेपर पडायला लागले. मधल्या काळात काका मास्क लावून दुधाच्या पिशव्या टाकत होते. लोकांनी तेवढ्यात पीडीएफची सवय लावून घेतली. काकांची लाइन अर्धी झाली ती तेव्हा. आमच्या इमारतीत चाळीस घरं, पूर्वी तीस-एक पेपर यायचे. परवा मी वहीत डोकावून मोजले. माझ्यावर रेघ मारल्यावर आठ.

फोन जुलैत आला. दुपारी सव्वातीन. चिरंजिवांचा ऑनलाइन वर्ग चालू होता म्हणून मी गॅलरीत गेले. पलीकडचा आवाज फार मऊ होता. परिस्थिती तुम्ही जाणताच. व्यवस्थापनाचाही नाइलाज आहे. राजीनाम्याचा नमुना मेल केलाय, आजच पाठवलात तर पुढचं सोपं जाईल.

मी म्हणाले, "बरं."

आणि वर विचारलं, "आजची पानं लावायची का?"

पलीकडे जरा शांतता. मग, "हो, आज लावा."

लावली मी! एक डाकचं (बाहेरगावच्या आवृत्तीचं), एक शहराचं. एका बातमीत 'कोट्यवधी'चं 'कोट्यावधी' झालेलं, ते दुरुस्त केलं. रात्री साडेबाराला पान छपाईला सोडलं. मग राजीनामा पाठवला. नमुन्यातही शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्याही दुरुस्त करून.

साडेपाच वर्षं मी या 'बरं'ला शिव्या देतेय. का म्हणाले? घाबरून? सवयीनं? पुण्यातल्या चांगल्या घरातल्या मुलींना शिकवतात तसं? श्रमिक पत्रकारांचा १९५५चा कायदा तेव्हा लागू होता. काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस, संपादक असेल तर सहा. पण ती काढलेल्याला. राजीनामा देणाऱ्याला कसली नोटीस? हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तो नमुना आला होता. पत्रकारांचं वेतन ठरवणारा मजिठिया आयोग सर्वोच्च न्यायालयानं २०१४च्या फेब्रुवारीत उचलून धरला, तेव्हाही आमच्यापुढे असाच एक कागद आला होता, 'आहे त्या पगारात मी समाधानी आहे' अशा अर्थाचा. आयोगाच्या शिफारशींतलं कलम २० (जे). त्या कागदानं आयोगाचं वेतन बुडत नाही, असं न्यायालयानं २०१७मध्ये सांगितलं, पण तोवर माझी नेमणूक कंत्राटावर गेली होती. त्या कंत्राटावर सही करतानाही मी काय म्हणाले असेन?

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी आकडा आला, एप्रिल ते जूनच्या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आक्रसली. तोवर मी घरी. भांडी घासता घासता मनात हेडिंग लावलं, दोन ओळींचं, तेवीस पूर्णांक नऊ कुठल्या ओळीत बसेल ते बघत. दुसऱ्या दिवशी काकांनी टाकलेल्या पेपरात माझ्यापेक्षा वाईट हेडिंग होतं. त्याचंही बरं वाटलं नाही. आणि जे बाबा तेव्हा म्हणाले ते

ते नको आज.

काल रात्री एक वेगळंच सुचलं आणि झोप उडाली. मी काकांसाठी तीन दिवस वाक्यं जुळवत होते ना? तो फोनवरचा माणूसही जुळवत असणार. त्याला त्या दिवशी असे किती फोन करायचे होते कोण जाणे. मी भांडले तर काय सांगायचं, रडले तर काय, युनियनचं नाव काढलं तर काय. सगळी तयारी करून बसला असेल आणि मी म्हणाले, बरं. ती जुळवलेली वाक्यं घेऊन तो काय करत असेल? मी गेले दोन दिवस करतेय तेच? म्हणजे मला साडेपाच वर्षं जे माझं भित्रेपण वाटतंय ते त्याला कसं लागलं असेल? ती शांतता, "हो, आज लावा"च्या आधीची, मी नेहमी निगरगट्टपणाच्या खात्यात धरत आले.

दिवाळीच्या आधी त्यालाही फोन गेला म्हणे. तो काय म्हणाला असेल?

त्याला माफबीफ केलेलं नाही मी. तीन महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. पण 'बरं'चा अर्थ मात्र पूर्वीइतका पक्का राहिला नाही. काकांच्या 'बरं'मध्ये भीती नव्हती, राग नव्हता. त्यांनी माझ्याआधी वीस-एक रेघा मारल्यात त्या वहीत. एका पेपरमागे त्यांना रुपया-दीड रुपया सुटतो, त्यासाठी माझ्याशी दारात काय भांडायचं? वर आणखी आठ घरं बाकी होती.

एक हिशेब मात्र मजेशीर आहे. काढणारी मी, आणि नोटीस पाळणार ते. ४ ते ३१, सत्तावीस दिवस. पावसापाण्यात टाकतील, खाडा करणार नाहीत. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत कायद्याच्या एवढ्या जवळ गेलेला हा एकच व्यवहार.

आज सकाळीही आला पेपर. रबर काढून उघडला तर बारा पानं, त्यातलं पहिलं जॅकेट, फ्लॅटचं. आत एल आकाराची चिंधी. ती चिंधी कुणीतरी फार नीट लावली होती, बातमी कुठेही तुटलेली नव्हती, शेवटची ओळ पूर्ण भरलेली. कोण असेल डेस्कवर? ओळखीचं कुणी उरलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं पेपर बंद केल्याचं. मला वाटलं बाबांचं काहीतरी काढेल. ती मेथीची जुडी घेऊन बसली होती, परवाच्याच अंकावर. देठं निवृत्त आमदारांच्या फोटोवर, पानं ताटात. मान वरही न करता म्हणाली, "मग मेथी कशावर निवडायची?"

मी म्हटलं, महिन्याची रद्दी आहे की अजून.

"ती किती दिवस पुरणार?" म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नव्या पेपराला शाईचा वास येतो म्हणून मी नेहमी जुनाच घेते. जुन्यासाठी नवा लागतो ना पण."

यावर काय बोलणार? परत सुरू करा म्हणून काकांना सांगायचं, तेही मेथीसाठी? ते यावरही 'बरं'च म्हणतील आणि रेघेच्या बाजूला नवा आकडा घालतील. पण नाही सांगणार मी. वाचत नाही हे खरंच आहे. वाचणारे बाबा होते.

१ तारखेला रविवारच आहे. काका जानेवारीचे पैसे घ्यायला येतील. तीस रुपये वजा करायचेत. सुट्टे काढून ठेवायला हवेत.