तीन खोकी, तीन चुकीची कारणं: दाभोळ खाडीच्या भरतीमापकाची नोंद

अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाच्या खोक्यावर बंद करण्याचं कारण लिहिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. कंटाळा आलेल्या दिवशी जे समोर दिसलं ते तिथे लिहिलं जातं. या नोंदीतली तिन्ही खोकी भरती-ओहोटीचीच आहेत. पहिल्यावर ‘गणित जुळत नाही’, दुसऱ्यावर ‘सेन्सर बाद’, तिसऱ्यावर ‘रेंज नाही’. तिन्ही पुन्हा मोजून पाहिली. तिन्ही कारणं खोटी निघाली.

उघडायची पद्धत ठरलेली ठेवली. खोकं उघडल्यावर सोल्डरिंग गनला हात लावायचा नाही. आधी बोर्ड आहे तसा चालू करायचा, झोपेतला आणि जागेपणीचा करंट मोजायचा, फ्लॅशमधला डेटा उतरवून घ्यायचा आणि कोड ज्या लायब्ररी आवृत्त्यांवर शेवटचा चालला होता त्या आकड्यानिशी लिहून ठेवायच्या. नव्या आवृत्तीवर कंपाइल करायचं ते सगळ्यात शेवटी. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या आर्डुइनो कोअरने (म्हणजे तिच्या मूळ लायब्ररीने) ३.० मध्ये पीडब्ल्यूएमची (स्पंदांनी आउटपुट कमी-जास्त करण्याची) जुनी फंक्शनं काढून टाकली. अशा वेळी जुना कोड फुटतो, आपण तो दुरुस्त करत बसतो आणि मुळात बिघाड कुठे होता हा प्रश्न राहून जातो.

खोकं पहिलं: तिथीचं घड्याळ

कल्पना सोपी होती. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला ८ × ३/४, म्हणजे ६ वाजता. आर्डुइनो ऊनो बोर्ड, एक डीएस३२३१ घड्याळाची चिप, १६×२ चा डिस्प्ले, आणि चंद्र-सूर्यातलं अंतर काढून त्याला १२ अंशांनी भागणारा कोड. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर घड्याळ कधी बरोबर, कधी तासन्‌तास चुकीचं. म्हणून ‘गणित जुळत नाही’.

गणित जुळत होतं, आकडा मावत नव्हता. ऊनोवर ‘डबल’ लिहिलं तरी तो ३२ बिटांचा फ्लोटच (कमी अचूकतेचा दशांशी आकडा) असतो. जूलियन दिनांक (खगोलगणितातली दिवसांची सलग मोजणी) आज २४ लाख ६० हजारांच्या घरात आहे आणि त्या आकड्याजवळ ३२ बिटी फ्लोटची सर्वांत लहान पायरी पाव दिवसाची, म्हणजे ६ तासांची. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. घड्याळ भरतीच्या जागी ओहोटी दाखवत होतं ते यामुळे. उपाय दोन ओळींचा: पूर्ण दिवस १ जानेवारी २००० पासून पूर्णांकात मोजायचे, दिवसाचा अंश वेगळ्या फ्लोटमध्ये ठेवायचा, आणि दोन्ही शेवटपर्यंत एकत्र करायचे नाहीत. ईएसपी३२ वर डबल खरोखर ६४ बिटांचा असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

हे सुटल्यावर एक चूक उरते, आणि ती कोडची नाही. तिथी म्हणजे १२ अंश, म्हणजे चंद्राचं ४८ मिनिटांचं मागे पडणं. ठोकताळा ४५ मिनिटं धरतो. दर तिथीला ३ मिनिटांची तूट साठत जाते आणि पंधराव्या तिथीला ४५ मिनिटांची होते. १५ × ३/४ म्हणजे सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. मधली उडी दीड तासाची. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोयीची, म्हणून ती टिकली. होडी ढकलायला तेवढं पुरतं. घड्याळात मात्र ४/५ पट घ्यावी आणि आपल्या बंदराचा ठरावीक फरक त्यात मिळवावा. तो फरक किती, हे दुसऱ्या खोक्याशिवाय कळत नाही.

खोकं दुसरं: धक्क्यावरचा नोंदयंत्र बोर्ड

यात ईएसपी३२ चा तयार डेव्हलपमेंट बोर्ड, पाण्यात बुडवायचा एमएस५८३७-३०बीए दाब सेन्सर, एक १८६५० लिथियम सेल आणि एसडी कार्ड. दर ६ मिनिटांनी एक नोंद. ११ दिवसांचा डेटा, मग शांतता. उतरवलेल्या आलेखात भरतीची वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यापासून रोज थोडी थोडी दूर सरकत गेलेली. वर लिहिलेलं: ‘सेन्सर बाद’.

सेन्सर बादलीत बुडवून पाहिला. एक मिलिबार म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी. ४० सेंटिमीटर खोलीला ४० मिलिबार वाढले. सेन्सर ठणठणीत. (लायब्ररीत मॉडेल ०२बीए निवडलं गेलं तर वाचन भलतंच येतं, ते आधी तपासा.)

मग वेळ. डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, ईएसपी३२ आतल्या साध्या आरसी ऑसिलेटरवर वेळ मोजतो आणि तो तापमानाबरोबर हलतो. एकच टक्का चुकला तरी दिवसाला १४ मिनिटं. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटंच पुढे सरकते. त्यात १४ मिनिटांची भेसळ झाली की तक्त्याशी मेळ कुठून बसणार! पहिल्या खोक्यातला डीएस३२३१ इथे हवा होता. त्याची चूक ± २ पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला मिनिटभर. जागं करायचं काम त्याच्या अलार्म पायाकडे द्यायचं, आतल्या टायमरकडे नाही. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सीआर२०३२ बटण सेलला चार्ज करणारा डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. सीआर२०३२ चार्ज होणारा सेल नव्हे. ५ व्होल्टवर तो फुगतो. रेझिस्टर काढा. जोडीला मॉड्यूलवरचा एलईडीही काढा, तो मिलिअँपिअरभर उगाच पितो.

आता ११ दिवसांचं गूढ. झोपेतला करंट मोजला तर ८ मिलिअँपिअर. चिपच्या माहितीपत्रकात १० मायक्रोअँपिअर लिहिलंय. बाकीचं बोर्डवर जातं: एएमएस१११७ रेग्युलेटर एकट्याने ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. वर पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप. २,६०० मिलिअँपिअर-तास भागिले ८ म्हणजे ३२५ तास, साडेतेरा दिवस. त्यातही एएमएस१११७ ला आत-बाहेर व्होल्टभर फरक लागतो, त्यामुळे सेल पूर्ण रिकामा होण्याआधीच बोर्डाचा ब्राउनआउट होतो, म्हणजे व्होल्टेज अपुरा पडून तो बंद पडतो.

साडेतेरा काय नि अकरा काय, असं वाटेल. पण इथे एक कठीण रेषा आहे. भरतीतला चंद्राचा मुख्य घटक एम२ (१२.४२ तास) आणि सूर्याचा एस२ (१२ तास) एकमेकांपासून सोडवायला १४.७७ दिवसांची सलग नोंद लागते, म्हणजे एक पूर्ण उधाण-भांग (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भरतीचं) चक्र. त्याच्या आत थांबलात तर दोघांची बेरीज कळते, वाटणी कळत नाही. एन२ हा आणखी एक चंद्राचा घटक वेगळा काढायला २७.५५ दिवस. के२ हा घटक एस२ पासून सोडवायला तर अर्धं वर्ष. म्हणजे बॅटरीचं गणित प्रश्नाकडून मागे यायला हवं: आधी ३० दिवस ठरवा, मग सेल निवडा. बोर्ड किती दिवस चालेल ते आधी मोजून त्यात मावेल तो प्रश्न विचारणं हे उलटं.

मग ते ११ दिवस फुकट? अगदीच नाही. जवळच्या प्रमाणित बंदराचं एम२-एस२ गुणोत्तर आणि कलेतला (फेजमधला) फरक उसना घेऊन अशा तोकड्या नोंदीतून एम२ काढता येतो. मात्र इथे घड्याळच सरकलेलं, म्हणून चढउताराची उंची वापरायची आणि वेळ टाकून द्यायची.

विश्लेषण पायथनच्या यूटाइड या भरती-विश्लेषणाच्या लायब्ररीत. तिथे सगळ्यांचा पाय एकदा तरी घसरतो तो वेळेवर. नोंद भारतीय वेळेत आणि विश्लेषण यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून केलं, तर साडेपाच तासांत एम२ ची कला १५९ अंशांनी फिरते. भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी. फाइलमध्ये यूटीसीच लिहा, भारतीय वेळ फक्त डिस्प्लेवर.

दाब सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, त्यात हवाही आली. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, साधारण सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास जास्त. चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलचा, म्हणजे पाण्याच्या हिशेबात दोन-तीन सेंटिमीटर, आणि आवर्तन बरोब्बर १२ तासांचं. तो सरळ एस२ मध्ये जाऊन बसतो आणि आलेखात कुठेही खटकत नाही. म्हणून वरच्या पेटीत बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर हवाच. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी उतरतं तेव्हा घनता १,०२५ वरून १,००० कडे येते. दोन मीटर पाण्यात ५ सेंटिमीटरची चूक. जागा चिपळूणकडे सरकवली तर आणखी एक पाहुणा: कोयनेचं अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी) वाशिष्ठीत येतं, आणि वीजनिर्मिती मागणीप्रमाणे चालत असल्याने २४ तासांच्या घटकांत ते भेसळ करू शकतं. खाडीच्या मुखाजवळ, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या बाजूला, हा त्रास कमी.

प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर का नको, हे नेहमी विचारलं जातं. तीन मीटर अंतराला हवा १० अंशांनी तापली की ५ सेंटिमीटर चूक येते, आणि पाइपच्या प्रत्येक जोडाची कड खोटा प्रतिध्वनी देते. विहिरीला चालेल.

पेटी आणि खारी हवा

बोर्ड टेबलावर महिनाभर चालला म्हणून धक्क्यावर चालेल असं नाही. दुसऱ्या खोक्यातल्या जंपर वायरींच्या टोकांना हिरवट थर धरलेला होता. ब्रेडबोर्डचे संपर्क त्याहून वाईट. किनाऱ्यावर प्रत्येक जोड सोल्डर. त्यानंतर फ्लक्स आयसोप्रोपिलने धुवायचा, नाहीतर तो ओलावा ओढतो आणि कोटिंगखालून करंट झिरपतो. कोटिंग दोन हात; सेन्सरच्या जेलवर मात्र थेंबही नको.

बंद पेटी श्वास घेते. दुपारी तापून हवा बाहेर जाते, रात्री दमट हवा आत ओढली जाते आणि पाणी आतच राहतं. ‘आयपी६५ आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. तळाला बारीक छिद्र किंवा हवा जाऊ देणारी पडदी ठेवा. सिलिका जेल जुलैत आठवडाभरही टिकत नाही, त्यावर भिस्त नको. सीलंटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो परत करा. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअरचा मागा.

खालच्या बाजूला चार इंची पीव्हीसी पाइप, तळ बंद, आणि पाइपच्या व्यासाच्या दशांश, म्हणजे साधारण ११ मिलिमीटरचं एकच भोक. लाटा त्यात मरतात, भरती आत येते. भोक कालवं आणि शेवाळ बुजवतात, म्हणून भोवती तांब्याची पट्टी. क्लॅम्प ३१६ स्टीलचे. ३०४ ला फटीत खड्डे पडतात. तांबं आणि स्टील एकमेकांना टेकू देऊ नका. झिप टाय काळेच, पांढरे उन्हाने तुटतात. धक्क्यावर काहीही बांधण्याआधी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि पेटीवर ती काय आहे हे मराठीत ठळक लिहा. वायरी लोंबणारी निनावी पेटी कोणालाच आवडत नाही, आणि ते योग्यच आहे.

खोकं तिसरं: लोरा

लोरा म्हणजे कमी विजेवर लांब पल्ला गाठणारा रेडिओ. धक्का ते घर सव्वा किलोमीटर, मध्ये माड आणि जांभ्याच्या भिंती. ‘रेंज नाही’. मॉड्यूल एसएक्स१२७६, वारंवारता ८६६ मेगाहर्ट्‌झ, आपल्याकडच्या परवानामुक्त ८६५ ते ८६८ पट्ट्यात. सगळं बरोबर, फक्त अँटेना १७.३ सेंटिमीटरची. ती ४३३ मेगाहर्ट्‌झची पाव तरंगलांबी. ८६६ ला तीच अर्धी होते, आणि टोकाकडून दिलेल्या अर्ध्या तरंगाचा रोध इतका जास्त की बहुतेक शक्ती परत फिरते. ८.६ सेंटिमीटरची तार लावली, एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर; वाढवला की पल्ला वाढतो, वेग मंदावतो) ९ वर ठेवला आणि पॅकेट येऊ लागले. एसएफ १२ ची गरजच नव्हती. तिथे एक सिंबॉल ३२.८ मिलिसेकंदांचा, एसएफ ७ ला १.०२४ चा. उगाच बॅटरी जाळायची कशाला. अँटेना काढून प्रक्षेपण करू नका, मॉड्यूलमधला प्रवर्धक (पीए) उडतो.

आताची जोडणी

डेव्हलपमेंट बोर्ड बाद. सुटं ईएसपी३२ मॉड्यूल, एमसीपी१७०० रेग्युलेटर (२५० मिलिअँपिअर, वायफाय कायम बंद असल्याने पुरतो), ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पहिल्या खोक्यातला डीएस३२३१, दुसऱ्यातला दाब सेन्सर, नवा बीएमपी२८०, तिसऱ्यातला लोरा. एसडी कार्ड काढलं: रोज २४० नोंदी, प्रत्येकी २४ बाइट, महिन्याला जेमतेम पावणेदोनशे किलोबाइट. ४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये लिटलएफएस या फाइल सिस्टिमवर आरामात बसतं, आणि वीज गेली तरी फाइल मोडत नाही. लोरावरून तासाला एकच पॅकेट: शेवटचं वाचन, सेलचा व्होल्टेज, घड्याळाची वेळ.

सरासरी करंट ०.४ मिलिअँपिअर. कागदावर नऊ महिने, खाऱ्या हवेत निम्मे धरा. वेळ मोजायला झोपेतही जपलेला ३२ बिटी मिलिसेकंदांचा काउंटर वापरला असेल तर तो ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. आधीचा बोर्ड ११ दिवसांतच मेल्यामुळे ही चूक कोडमध्ये तशीच झोपलेली होती. वजाबाकी बिनचिन्ही पूर्णांकात केली की सुटते.

बाकी राहिलेलं: धक्क्याच्या पायरीवर रंगाची खूण करून तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजणं, धक्क्यावरच्या प्रत्येक भेटीत एकदा, भांगाच्या दिवशी, पाणी शांत असताना. त्याशिवाय सेन्सरची खोली आणि तक्त्यातली उंची जुळवता येत नाही. बादलीतली चाचणी नववा दिवस. घड्याळाची सरक अजून एका सेकंदाच्या आत आहे. तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय पेटी धक्क्यावर नेणार नाही.