तळाशी बसलेलं लोह

क्षेत्रफळ मोजायला उल्वा या समुद्री शेवाळाचा तुकडा आलेखकागदावर पसरला आणि खालच्या रेघा आरपार दिसल्या. उल्वाचं पान दोनच पेशींइतकं जाड, पण एरवी हिरव्यापलीकडे काही दिसत नाही. हा तुकडा पिकलेल्या भाताच्या पात्यासारखा पिवळट होता. सहाही चंबूंत तेच. शेजारच्या मांडणीवर, त्याच पाण्यात, त्याच उजेडात वाढलेलं शेवाळ मात्र गडद हिरवं.

फिकेपणा आठवडाभर आधी जाणवला तेव्हाच मी पोषक म्हणून घालायचं नायट्रेट दुप्पट केलं होतं. फरक पडला नव्हता.

मॅडमनी चंबू उजेडाकडे धरला. तळाशी तांबूस गाळ होता.
"लोहाचं द्रावण नवीन केलंस ना? ईडीटीए घातलंस?"
"संपलं होतं, मॅडम. ते पोषक नाही, लोहाला नुसतं धरून ठेवतं, म्हणून..."
"धरून ठेवतं, म्हणूनच घालायचं."

शेवाळ वाढवायला आम्ही एफ/२ हे पोषक माध्यम वापरतो. त्यात लिटरमागे फेरिक क्लोराइड जेमतेम ३.१५ मिलिग्रॅम, आणि जोडीला ईडीटीए ४.३६ मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास. तिथे मोकळं लोह विरघळलेलं राहतच नाही, गंजासारखं होऊन खाली बसतं. मी मोजून घातलेलं लोह चंबूत होतं, पण शेवाळाच्या हाती लागत नव्हतं. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, तिथे मॅग्नेशियम असतं. पण हरितद्रव्य घडवायला लोह लागतं. आणि घेतलेल्या नायट्रेटचा अमोनिया करायलाही लागतं. म्हणजे उपाशी शेवाळापुढे मी जे पान वाढलं, ते त्याला खाता येणारं नव्हतं. हे कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

हे शेवाळ आणलं होतं कोकणातल्या कातळावरून. मागे सगळा जांभा, लोहानेच लाल झालेला. पावसाळ्यात तिथलं पाणी तांबडं होऊन समुद्रात उतरतं.

दुपारी शेजारच्या विभागातून ईडीटीए मागून आणलं. द्रावण नव्याने केलं. ते स्वच्छ पिवळसर राहिलं, गाळ नाही. तीन चंबूंत ते घातलं, तीन तसेच ठेवले. मॅडम म्हणाल्या, तुलना हवीच. मला ते तीन तसे ठेवणं जड गेलं.

सहाव्या दिवशी तुकडे पुन्हा कागदावर पसरले. लोह मिळालेल्या तिन्ही तुकड्यांखालच्या रेघा पुसट झाल्या होत्या. उरलेल्यांपैकी एकाची कड पांढरी पडली होती. नोंद केली आणि त्या तिघांतही नवं द्रावण घातलं.