इथे ताण थंडी देते

एप्रिल सरता सरता पाच-सहा दिवस माझ्या खिशात एक बारीक रंगाचा ब्रश असतो. कामावर निघण्याआधी परसात जायचं, एका झाडाच्या जुन्या फुलातले परागकण ब्रशवर उचलायचे आणि दुसऱ्या झाडाच्या नव्या फुलात लावायचे. मग उलट. पानं अजून फुटलेली नसतात. उघड्या फांद्यांवर काळपट तांबडी फुलं मान खाली घालून लोंबत असतात, वास आंबलेल्या पिठासारखा. मधमाशी तिकडे फिरकत नाही, माश्या आणि बारीक भुंगे येतात, पण इतके थोडे की त्यांच्या भरवशावर राहिलं तर हाताला चार फळं लागतात. फूल आधी मादी असतं आणि मग नर, शिवाय एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला चालत नाहीत. म्हणून दोन वेगळ्या वाणांची झाडं आणि हा ब्रश.

हे झाड म्हणजे पॉपॉ. पपईशी त्याचा काही संबंध नाही. हे आपल्या सीताफळाच्या कुळातलं. त्या कुळातली बहुतेक झाडं उष्ण प्रदेशातली, हे मात्र इथल्या जंगलात ओढ्याकाठी उगवतं आणि उणे पंचवीस अंशांची थंडी सोसतं. मला हे समजलं तेव्हा न्यू जर्सीत येऊन सहा वर्षं झाली होती. मी पुरंदरची, सासवडच्या पुढच्या एका गावातली. आमच्याकडे अंजीर आणि सीताफळ, दोन्ही बागा. सीताफळाचा भाऊ इतकी वर्षं आपल्या शेजारच्या जंगलात उभा होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं मला त्या दिवशी रडू आलं होतं.

पहिली सहा वर्षं मी चुकीच्या झाडांवर घालवली. सगळ्यात जास्त जीव लावला तो पीचला. पहिल्याच वसंतात त्याची पानं लाल होऊन, फुगून, चुरगळली. कळ्या फुगायच्या वेळी थंड पाऊस लागला की ही बुरशी शिरते. पुढच्या वर्षी पानगळीनंतर तांब्याचं औषध मारलं, पानं वाचली. मग फळ सुपारीएवढं झालं की सोंडेकिडा सालीवर चंद्रकोरीसारखी खूण करून अंडं घालायचा. तेही निस्तरलं. चौथ्या वर्षी साठेक फळं धरली, रंग चढला, आणि तोडणीच्या आठवडाभर आधी पाच दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी जवळजवळ प्रत्येक फळावर तपकिरी डाग आणि त्यावर राखाडी भुकटी. इथे उत्तम पीच पिकवणारे शेतकरी आहेत, पण ते वेळापत्रक लावून फवारण्या करतात. माझी मुलं त्याच झाडाखाली खेळायची. मला ते करायचं नव्हतं. सहाव्या वर्षी मी ते झाड तोडलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा गावी तात्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “पाऊस कधी उघडतो तिकडं?” मी म्हटलं, तात्या, उघडतच नाही. वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर, आणि तो बाराही महिन्यांत जवळपास सारखा वाटलेला. ते बराच वेळ गप्प राहिले. आमच्याकडची सगळी शेती ताण देण्यावर उभी आहे. पाणी तोडायचं, झाडाला विश्रांती द्यायची, पानं गळू द्यायची, छाटणी करायची, मग पाणी सोडून बहार धरायचा. अंजिराचा खट्टा बहार की मीठा बहार, हे शेतकरी ठरवतो. जिथे पाणी तोडताच येत नाही तिथे बहार धरायचा कसा, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाने माझी बाग बदलली. इथे ताण थंडी देते. कधी द्यायचा, किती द्यायचा, यात माझं काही चालत नाही. तेव्हा ज्यांना हा ताण आणि ही दमट हवा मानवते, तीच झाडं लावायची.

ब्लूबेरी त्यातली पहिली. ही तर या राज्याचीच. इथून तासाभरावर पाइन बॅरन्स नावाचा रेताड, आंबट मातीचा पट्टा आहे. तिथल्या व्हाइट्सबॉग गावी एलिझाबेथ व्हाइट यांनी रानात फिरणाऱ्या लोकांना सांगून मोठ्या फळांची जंगली झुडपं शोधून काढली. फळ मोजायला पाच अष्टमांश इंचाचं भोक असलेली पट्टी दिली होती. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी त्या झुडपांचे संकर केले आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. झुडूप ज्याने शोधलं त्याचं नाव झुडपाला मिळायचं. त्यातलं रुबेल माझ्याकडे आहे. फळ बारीक, पण चव अशी की दुकानातली नंतर पाणचट लागते. (त्याच 1916 साली, त्याच बर्लिंग्टन काउंटीत, जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला. जून-जुलैत सकाळी दव असताना ते सुस्त असतात, तेव्हा झटकून साबणाच्या पाण्यात टाकायचे.)

माझी माती मात्र पाइन बॅरन्सची नाही, लाल चिकण आहे. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासली तर सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 6.3 निघाला. ब्लूबेरीला साडेचार ते पाच लागतो. गंधक घातलं, पण गंधकाचं आम्ल करायचं काम मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना महिने लागतात. म्हणून शरद ऋतूत घालून वसंतात लावायचं. वर पाइनच्या सुयांचं आच्छादन, नळाच्या पाण्याऐवजी पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी, आणि फळ निळं व्हायच्या आत जाळी, नाहीतर रॉबिन पक्षी दोन दिवसांत झुडूप रिकामं करतात. ब्लॅकबेरी याहून सोपी, फक्त रोज तोडावी लागते. पिकत्या फळात अंडी घालणारी एक इवलीशी माशी आहे, तिला एक दिवसही द्यायचा नाही.

अंजीर लावायचं धाडस शेजारच्या इटालियन आजोबांमुळे झालं. ते दर नोव्हेंबरात आपल्या अंजिराची एका बाजूची मुळं तोडून अख्खं झाड चरात आडवं करतात आणि वर फळ्या, पाला, माती टाकतात. मी तेवढं करत नाही. भोवती जाळी, आत कोरडा पाचोळा, बाहेरून गोणपाट, वर पालथी बादली. जानेवारी 2018 मध्ये थंडी इतकी पडली की एवढं करूनही झाड जमिनीपर्यंत मेलं. मी तात्यांना घाबरत फोन केला. ते म्हणाले, “छाटणीच ती. थंडीनं केली एवढंच.” मे महिन्यात बुडातून सात फुटवे आले. चार ठेवले, जुलैत शेंडे खुडले, आणि सप्टेंबरात त्याच फुटव्यांवर बावीस अंजिरं खाल्ली. फळाचं तोंड बंद राहणारा वाण निवडावा हे मात्र तेव्हा शिकले, कारण उघड्या तोंडात पाऊस शिरला की अंजीर झाडावरच आंबतं.

पॉपॉला यातलं काही लागत नाही. औषध नाही, जाळी नाही, गोणपाट नाही. परसात रोज हरणं येतात, हॉस्टा या शोभेच्या झाडाचा फडशा पाडतात, पण पॉपॉच्या पानाला तोंड लावत नाहीत. आमच्याकडे शेळी सीताफळाला तोंड लावत नाही, तसंच. माझी दोन झाडं कलमी आहेत, शेननडोआ आणि सस्क्वेहाना. नील पीटरसन यांनी अनेक वर्षं निवड करून काढलेल्या वाणांना नद्यांची नावं दिली, त्यातली ही दोन. मूळ खोल सरळ जातं, ते दुखावलं की झाड रुसतं, म्हणून कुंडीतलं लहान रोप आणावं. पहिली दोन वर्षं थोडी सावली द्यावी. माझ्या झाडांना पाचव्या वर्षी फळं आली.

2019 च्या सप्टेंबरात तात्या आले होते. सीताफळाचे डोळे उघडले की तोडायचं, हे त्यांना हातापायासारखं माहीत. पॉपॉला डोळे नाहीत. ते गुळगुळीत हिरवं, आंब्याच्या आकाराचं. मी दाखवलं, अंगठ्याने हलकं दाबायचं, नुसत्या स्पर्शाने हातात आलं तरच घ्यायचं. त्यांनी सुरीने मधून कापलं, आतला पिवळा गर चमच्याने काढला आणि बिया एकेक करून बशीच्या कडेला मांडल्या. सीताफळ खाताना मांडतात तशाच. “गरावर पाकळी नाही,” म्हणाले. मग दुसरा चमचा. “वास हापूसचा, पोत आपला.” मग विचारलं, “याला ताण कधी देता?”

मी म्हटलं, डिसेंबर ते मार्च.

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक फळ कापायला घेतलं. मी दोनवर थांबवलं, कारण काहींना यानं मळमळतं. वाळवून किंवा शिजवून तर खाऊच नये, आणि बी-सालही टाकून द्यावी. फळ बाहेर दोन-तीन दिवसच टिकतं, म्हणून ते दुकानात दिसत नाही. आम्ही गर गोठवतो.

त्या बशीतल्या चौदा बिया मी धुऊन ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. सुकल्या तर मरतात, आणि शंभरेक दिवसांची थंडी मिळाल्याशिवाय उगवत नाहीत. जुलैत नऊ उगवल्या. पाच मैत्रिणींना दिल्या, एक हरणाच्या पायाखाली गेली. उरलेल्या तीन कुंपणाशी आहेत. त्यातल्या एकीवर यंदा पहिल्यांदा फुलं दिसतायत, सहा आहेत. उद्या सकाळी ब्रश तिकडे.