दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या पाहिजेत

परतूरकडचे एक काका भर मे महिन्यात राजदूत ३५० मोटारसायकल टेम्पोत घालून जालन्याला माझ्याकडं घेऊन आले. म्हणाले, "वस्ताद, जेट झाले, प्लग झाले, कार्बोरेटर धुऊन झाले. तरी गाडी थरथरायलीच. रेस दिली की आधी झटका देती, मंग उचलती."

१९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाची ही गाडी इथं बनवायला घेतली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला आपला वेगळा कार्बोरेटर. अशी गाडी दारात आली की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवावंसं वाटतं. आता मूळ पार्ट मिळणं अवघड, म्हणून तिच्यावर उगाच प्रयोग झालेले बघितले की जीव तुटतो.

गाडी चालू करून दोन्ही सायलेन्सरच्या मागं हात धरला. उजवीकडून जोरात मारत होती, डावीकडून नुसता ओला धूर. डावा प्लग काळा, तेलकट. मग उजव्या कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगानं फिरेल ते ठरवणारा, पार बाहेर घेतला, तरी स्लो जराही उतरेना. हँडल डावीकडं पूर्ण वळवलं, तर रेस आपोआप चढली. इथंच चोर सापडला. स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर उचलून हवेची वाट उघडणारी कार्बोरेटरमधली सरकती झडप, स्क्रूवर टेकलेलीच नव्हती, ती केबलला लटकून होती.

उजव्या कार्बोरेटरवरचं रबर सरकवलं. केबलच्या आउटरची, म्हणजे बाहेरच्या नळीची, टोपी ॲडजस्टरच्या भोकात बसायच्या ऐवजी त्याच्या काठावर अडकलेली. फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, पण तेवढ्यानं उजवी स्लाइड कायम उचललेली राहायची. आधी कुणीतरी ते झाकायला डावा स्क्रू आत पिळून ठेवला होता. स्लोवर गाडी कशीबशी चालायची. रेस दिली की उजवी पुढं, डावी मागं.

काका लगेच म्हणाले, "म्हंजी एक बैल ओढायलाय अन् दुसरा नुसताच चालायलाय." अगदी बरोबर बोलले.

स्लो स्क्रूवर ठरतो आणि उचल केबलवर. ही दोन कामं एकात मिसळली की जन्मभर पिळत बसा. म्हणून टोपी जागेवर बसवून आधी दोन्ही केबल सैल सोडल्या. एअर फिल्टरचे रबर काढून एकाच मापाची दोन लांब ड्रिल बिट दोन्ही स्लाइडखाली सरकवली आणि दोन्ही बिट सारखीच धरली जातील असे स्क्रू लावले. मग केबलची पाळी. काकांना म्हटलं, रेस अगदी हळू फिरवा. डाव्या बिटाची शेपटी आधी पडली. डावी केबल किंचित सैल केली, पुन्हा फिरवायला लावलं, आता उजवी आधी. ह्या खेळाला घाई चालत नाही. ॲडजस्टर पाव आटासुद्धा जास्त होतो. शेवटी दोन्ही शेपट्या एकाच वेळी खाली आल्या. काका खाली वाकून बघत होते, त्यांनी आपणहून पुन्हा पुन्हा करून बघितलं. नंतर बिट काढून दोन्ही स्क्रू सारखेच मागं घेतले, गाडी गरम केली आणि स्लो बसवला. हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं, रेस हलली नाही.

काकांना निघायची घाई, पण मी थांबवलं. ह्या गाडीत रेसची केबल तीन ठिकाणी फुटते, दोन कार्बोरेटरला आणि तिसरी इंजिनला वंगणाचं तेल देणाऱ्या ऑइल पंपाला. कार्बोरेटरच्या केबल हलवल्या की पंपाची खूणही, म्हणजे रेसच्या मानानं तेल बरोबर सुटतं का ते सांगणारी, तपासावीच लागते. तेल कमी पडलं तर आपल्याकडच्या ४२ डिग्रीच्या उन्हात पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. पंपाची खूण जुळवली, मगच गाडी बाहेर काढली.

मंठा चौफुलीवरून पुढं मोकळ्या रस्त्याला काकांना मागं बसवून नेली. झटका नाही, थरथर नाही, खालपासून वरपर्यंत एकसारखी ओढ. परत येऊन दोन्ही सायलेन्सरच्या मागं त्यांचाच हात धरायला लावला. टेम्पो त्यांनी रिकामाच पाठवून दिला. केबल थोडी चालली की आउटर बसतं, त्यामुळं पेरणी उरकली की एकदा दाखवायला आणा, एवढं सांगून ठेवलंय.